कोकणात एअर रायफलचा ग्रुप फाटतोय? कुठून सुरुवात करायची आणि काय काय तपासायचं

काल दहावर दहा पडत होते आणि आज तीच रायफल, तेच छर्रे, तेच जॅकेट, तरी एक शॉट दहा आणि पुढचा आठ, असं झालं की नवीन पोरं पहिल्यांदा साइट फिरवायला घेतात. साइटला हात लावू नका. ग्रुप म्हणजे कार्डावरच्या (कागदी टार्गेटवरच्या) भोकांचा झुबका, तो फाटलाय म्हणजे शॉट पसरतायत, आणि पसरलेले शॉट साइट फिरवून गोळा होत नाहीत, फक्त अख्खा पसारा तिथून उचलून इथे येतो.

हे सगळं १० मीटर एअर रायफलवाल्यांसाठी आहे, म्हणजे ४.५ मिमीचे शिशाचे छर्रे, मग रायफल कॉम्प्रेस्ड एअरची असो नाहीतर स्प्रिंगची. बाहेरच्या देशांत लोक घरी शिसं ओतून बुलेट बनवतात आणि काडतुसंही स्वतः भरतात, त्यावर वाचायला ढीगभर मिळतं, पण आपल्याकडे दारूगोळा बनवायला आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे लायसन्स लागतं, त्यामुळे तो विषय इथे नाही. त्या लोकांची दोष शोधायची पद्धत मात्र आपल्याला जशीच्या तशी लागू पडते, कारण मऊ शिसं आणि पोलादी नळी दोन्हीकडे तेच. पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कार्ड मारायचं, लिहून ठेवायचं, मगच पुढची. आणि आपण कोकणात राहतो म्हणून त्यात माझी एक भर, रायफलवर संशय घ्यायच्या आधी ओल कुठे शिरलीय ते बघा. जून ते सप्टेंबर इथली हवा कशी असते ते सांगायला नको, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे शिशाचं आणि पोलादाचं काय होत असेल. पण म्हणून दमट हवेत नेमबाजी होत नाही असंही कोणी म्हणू नये, पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोमध्ये १० मीटर एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, ही दोन्ही ठिकाणं काही कोरड्या हवेची नाहीत. ओल सांभाळली की झालं.

फाटलाय म्हणजे नक्की किती

आधी आकडे डोक्यात बसवून घ्या नाहीतर उगाच घाबरायला होतं. कार्डावरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमी व्यासाचा आहे, नऊचं वर्तुळ ५.५ मिमीचं. छर्रा ४.५ मिमीचा, आणि त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा धरतात, म्हणजे छर्र्याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून अडीच मिमीच्या आत पाहिजे. डेसिमलमध्ये, म्हणजे १०.१, १०.२ असे गुण मोजतात तेव्हा, प्रत्येक ०.१ म्हणजे पाव मिमी. आता विचार करा, रायफल आणि छर्रा मिळूनच जर मध्य ते मध्य ५ मिमी पसरत असतील तर तुम्ही एकदम स्थिर उभे राहिलात तरी तुमचा सगळा दहा तिथेच संपला, तुमच्या स्वतःच्या हलण्याला जागाच उरली नाही.

मोजायचं कसं, तर व्हर्नियरने भोकांच्या दोन टोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून ४.५ वजा करायचे. चांगली मॅच रायफल आणि तिला मानवणारा छर्रा असेल तर टेकूवरून मारलेले दहा शॉट एकाच भोकात जातात, बाहेरून बाहेर ६ मिमीच्या आसपास. साध्या स्प्रिंगवाल्या रायफलकडून एवढी अपेक्षा धरू नका, तिथे दहाच्या दहा शॉट एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले तरी शिकायला पुष्कळ झालं.

पहिलं काम: माणसाला बाजूला काढा

उभं राहून मारलेल्या कार्डावरून रायफलबद्दल काहीही ठरवू नका. टेबल घ्या, हलतं असेल तर पायाखाली पाचर मारा, रायफलच्या पुढच्या लाकडाखाली एक पिशवी आणि बटच्या खाली एक छोटी पिशवी. समुद्रावरची वाळू भरू नका हं, तिच्यात मीठ असतं आणि ती कधी पूर्ण सुकत नाही, आठवडाभरात स्टॉकचे स्क्रू लाल व्हायला लागतील. जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात तांदूळ भरून शिवला तर उत्तम काम होतं. टेकू लाकडाला द्यायचा, बॅरलला किंवा सिलिंडरला अजिबात नाही.

स्प्रिंगवाल्या रायफलची गोष्ट वेगळी आहे. तिथे ट्रिगर दाबल्यावर आतला पिस्टन धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलायला लागते, त्यामुळे ती कडक टेकूवर ठेवली की उसळते आणि ग्रुप अजूनच फाटतो. पिशवीवर तळहात उघडा ठेवायचा, त्यावर रायफल नुसती टेकवायची, आवळायची नाही, आणि हाताची जागा दरवेळी तीच. तिला तिच्या मनाने हलू द्यायचं, फक्त दरवेळी सारखंच हलू द्यायचं.

दहा-दहा शॉटची तीन कार्डं मारा. पाच शॉटवर विश्वास ठेवू नका, पाच शॉट नशिबाने एका भोकात जातात आणि मग माणूस दोन महिने त्या कार्डाच्या मागे फिरत बसतो. टेकूवरून ग्रुप घट्ट आला तर रायफल, छर्रे, हवा सगळं ठीक आहे, सरळ शेवटच्या दोन भागांकडे जा. टेकूवरूनही फाटला तर पुढे वाचा.

छर्रे, आणि इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त गडबड इथेच असते आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. रेंजवर हे चित्र नेहमी दिसतं, एखादी मुलगी डबा उघडते, मूठभर छर्रे जॅकेटच्या खिशात ओतते, तिथून एकेक काढून मारते, आणि सर ओरडतात, "अगं बाळा, ते काय चणे आहेत का!" सर बरोबर आहेत. एक छर्रा चिमटीत धरून खिडकीकडे करून बघा. पुढचं डोकं सपाट, मध्ये कंबर, मागे घागऱ्यासारखा स्कर्ट. तो स्कर्ट इतका पातळ असतो की नखाने दाबला तरी आत जातो. मागून हवेचा दाब आला की तोच फुगून नळीला घट्ट बसतो आणि हवा अडवतो. एका बाजूला पोचा असेल तर हवा तिथून निसटते, छर्रा तिरका ढकलला जातो, आणि नऊ सुंदर शॉटमध्ये एक सात येतो ज्याचं कारण तुम्ही आठवडाभर स्वतःच्या ट्रिगरमध्ये शोधत बसता.

तर हे करा. एक पांढरी ताटली घ्या, चांगल्या उजेडात पन्नासेक छर्रे हलकेच त्यावर काढा, प्रत्येकाचा स्कर्ट मागून बघा, गोल नसेल, कड दुमडलेली असेल, आत कचरा असेल तर बाजूला. डबा खाली पडला असेल तर तो अख्खा डबा सरावाला, मॅचला नाही. ज्या डब्यात स्पंज येतो तो फेकू नका, झाकण लावताना परत वर ठेवा, नाहीतर बाइकवरून रेंजला जाईपर्यंत आपल्या रस्त्यांवर छर्रे एकमेकांवर आपटून तसेच पोचतात.

आता ओल. ताज्या छर्र्याला करडी चमक असते. दमट हवेत राहिला की तो आधी काळपट आणि मग पांढुरका होतो, बोटाला पिठासारखं लागतं. ते शिशाचं गंजणं आहे. त्याने माप बदलतं, नळीत घर्षण बदलतं, आणि ती पावडर विषारी आहे, फुंकर मारून उडवू नका. असे छर्रे मारूच नका, वेगळ्या बरणीत बंद करून ठेवा आणि भरली की भंगारात द्या, परसात किंवा गटारात टाकू नका. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, की नवीन प्लायवूड आणि काही लाकडं आंबट वाफ सोडतात आणि त्या वाफेने शिसं झपाट्याने गंजतं, त्यामुळे हौसेने बनवून घेतलेल्या नव्या लाकडी कपाटात छर्रे ठेवणं सगळ्यात वाईट. व्हिनेगरच्या बाटलीशेजारी तर नकोच. पत्र्याचा डबा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. जेलचा रंग बदलला की जुन्या टाकाऊ तव्यावर मंद आचेवर सुकवा, जेवणाच्या भांड्यात नको.

हात धुणं सांगतोच. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, आणि लोड करताना छर्रा ओठात धरायची काही मुलांना सवय असते ती आजच्या आज बंद करा, घरच्यांनीही लक्ष ठेवा.

मग येतं माप आणि लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला माल. मॅचच्या छर्र्यांच्या डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं, आणि कुठल्या बॅरलला कुठलं आवडेल हे आधी कोणी सांगू शकत नाही, मारूनच कळतं. शेजारच्याची रायफल ४.५० वर नाचते म्हणून तुमची नाचेलच असं नाही. दोन-तीन मापं मिळवा, प्रत्येकाची टेकूवरून तीन कार्डं मारा, पण एक छर्रा बदलून दुसरा घेतल्यावर पहिले दहा-पंधरा शॉट मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, तो नव्याशी जुळेपर्यंत शॉट भटकतात. जो ग्रुप सगळ्यात लहान तो नाही, तर जो तिन्ही कार्डांवर सारखा तो निवडा. डब्यावरचा लॉट नंबर वहीत उतरवा आणि परवडत असेल तर त्याच लॉटचे आणखी डबे घेऊन ठेवा, कारण तीच कंपनी, तेच माप, पण लॉट दुसरा आला की ग्रुप बदलू शकतो. बरेच जण सोनाराकडच्या काट्यासारखा काटा आणून एकेक छर्रा तोलतात. रायफलचे मॅच छर्रे साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात, आणि चांगल्या कंपनीच्या डब्यात फरक इतका कमी असतो की तोलण्यात घालवलेला वेळ स्कर्ट बघण्यात घालवला तर फायदा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. तोलायचंच असेल तर तोला, पण आधी बघा.

लोड करतानाही छर्रा सरळ, आणि दरवेळी तेवढ्याच जोराने. ब्रेक बॅरलमध्ये (नळी मोडून लोड करायच्या रायफलमध्ये) स्कर्टची कड ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या, तोंडाशी सपाट यायला पाहिजे, बाहेर राहिली की बॅरल बंद करताना चिरडते.

नळी

नळीत शिसं साचतं, आणि आपल्याकडे त्यात गंजाची भर. चांगला चाललेला ग्रुप हळूहळू, काही दिवसांत उघडत गेला तर आधी नळी साफ करा. फेल्टच्या गोळ्या मिळतात, त्या ब्रीचकडून ढकलायच्या, काळ्या यायच्या थांबेपर्यंत. पुढच्या तोंडातून लोखंडी सळई घालायची नाही, छर्रा शेवटचा स्पर्श ज्या कडेला करतो ती कड तिथे आहे, तिला एक ओरखडा पडला की तो छर्र्याला कायमचा एका बाजूला धक्का देतो. आणि रोज उठून नळी घासत बसू नका, साफ नळीलाही परत दहा-वीस शॉट स्थिर व्हायला लागतात.

पावसाळ्यात रायफल ठेवताना बाहेरून पातळ गन ऑइलचा हात फिरवा, नळीत तेलाची एक फेल्ट गोळी, आणि मारायच्या आधी कोरड्या गोळ्यांनी ते तेल पूर्ण काढा. तेल राहिलं तर पहिले शॉट कुठेही जातात. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टनपुढे साधं तेल गेलं की ते दाबाने पेटतं, फट्ट असा मोठा आवाज येतो, नळीतून निळसर धूर निघतो आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा, सीलही जातं. घरात आहे म्हणून खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालणारे खूप आहेत, नका घालू. कॉम्प्रेस्ड एअरच्या सिलिंडरच्या आणि व्हॉल्व्हच्या आसपास तर असलं तेल ग्रीस काहीच नको, तिथे स्फोटाचा धोका असतो.

एसी रेंजमधून रायफल बाहेर काढली की थंड पोलादावर लगेच दव धरतं. बॅगेतच बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, घरी गेल्यावर बॅग उघडा, पुसा, आणि रायफल बॅगेबाहेर कोरड्या जागी ठेवा. ओल्या फोमच्या बॅगेत रात्रभर राहिलेली रायफल सकाळी गंजाचे ठिपके घेऊन उठते.

स्क्रू

थोडक्यात, स्टॉकचे स्क्रू, डायॉप्टरचे (मागच्या साइटचे), पुढच्या साइटचे, बटप्लेटचे. सगळे हाताने तपासा. लाकडी स्टॉक पावसाळ्यात फुगतो आणि कोरड्या हवेत आवळतो, त्यामुळे जूनमध्ये घट्ट असलेला स्क्रू डिसेंबरात ढिला मिळतो. दरवेळी सारखंच आवळा, जिवाच्या आकांताने नको. एकाच कार्डावर दोन वेगळे छोटे ग्रुप दिसले, एक इथे आणि एक तिथे, तर सर्वात आधी साइट हलतेय का बघा.

हवा

शॉट उभ्या रेषेत पसरत असतील, आडवे नाही, तर वेगावर संशय घ्या. हिशोब सोपा आहे. मॅच रायफलचा छर्रा साधारण १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो, १० मीटर जायला त्याला सेकंदाचे साधारण सहा शतांश लागतात आणि तेवढ्यात तो १७-१८ मिमी खाली येतो. वेग ३ मीटरने घटला तर तो आणखी अर्ध्या मिमीहून थोडा जास्त खाली, म्हणजे डेसिमलमध्ये ०.२. १० मीटरने घटला तर जवळपास २ मिमी, म्हणजे मध्यावर जाणारा शॉट थेट दहाच्या काठाला. कोणाकडे क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर मागून घ्या आणि दहा शॉटचे वेग लिहा, लगेच उत्तर मिळतं.

बहुतेक वेळा कारण साधं असतं, सिलिंडर संपत आलेला असतो. गेजकडे मॅचच्या आधी बघा, सुई खालच्या पट्ट्यात गेली की रेग्युलेटरला (दर शॉटला दाब सारखा ठेवणाऱ्या भागाला) पुरेसा दाब मिळत नाही. भरताना सावकाश भरा, घाईने भरला की हवा तापते, गेज २०० बार दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. आपल्याकडे खरी अडचण पाणी आहे. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, हातपंपाने भरत असाल तर ते सिलिंडरमध्ये आणि तिथून रेग्युलेटरमध्ये जातं. पंपाला ओल धरणारा फिल्टर लावा, त्यातला माल वेळेवर बदला, आणि मध्ये मध्ये थांबून पंपाचं पाणी सोडा. स्कूबाच्या टाकीवरून योग्य ॲडाप्टर लावून सिलिंडर भरता येतो, मालवण-तारकर्लीकडे स्कूबावाले आहेत, त्यांची हवा श्वासासाठी कोरडी आणि गाळलेली असते म्हणून ती उत्तम. फक्त रायफलचा सिलिंडर २०० बारचा की ३०० चा ते त्यावर वाचा, त्यापेक्षा वर एक बारही नको. ऑक्सिजनच्या टाकीवरून कधीही, कोणीही कितीही सांगितलं तरी भरायचं नाही, आग लागते. आणि सिलिंडरवर वापराची मुदत कोरलेली असते, ती उलटली की तो बाद.

डोळा आणि उजेड

टेकूवरून घट्ट आणि उभं राहून फाटलेला, तर आधी उजेड. पावसात दुपारी तीनला अंधारून येतं, लाईट जाते, इन्व्हर्टरवर अर्धे दिवे, आणि कार्डावरचा उजेड बदलला की काळा गोल डोळ्याला वेगळा दिसतो, ग्रुप तसाच राहून वरखाली सरकतो. टार्गेटवर वेगळा स्थिर दिवा ठेवा. पुढच्या साइटची रिंग नवीन मुलं फार लहान घेतात, काळ्याभोवती पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे, थोडी मोठी घ्या. दुसरा डोळा मिटू नका, पट्टी लावा. घामाने आयपीसवर (मागच्या साइटच्या डोळ्याकडच्या भागावर) वाफ धरते, सुती रुमाल जवळ ठेवा. आणि आठ-दहा सेकंदात शॉट गेला नाही तर रायफल खाली घ्या, डोळा शिळं चित्र दाखवायला लागतो.

आता तुम्ही

डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, दोन श्वास, सैल व्हा, डोळे उघडा. साइट टार्गेटच्या बाजूला असेल तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवा. हे दर सिरीजच्या आधी. हाताने ओढलेली रायफल शॉट सुटताना परत मूळ जागी जायला बघते आणि शॉट आडवे पसरतात. आडवं पसरण्याची बाकीची दोन कारणं म्हणजे ट्रिगर बाजूने दाबणं आणि रायफल कधी डावीकडे कधी उजवीकडे कलणं. गाल दरवेळी एकाच जागी, एकाच वजनाने. शॉट सुटल्यावर दोन सेकंद तिथेच रहा, आणि कार्ड बघायच्या आधी तोंडाने सांगा शॉट कुठे गेला. सांगितलं तिथेच भोक असेल तर चूक तुमची आणि तुम्हाला ती माहीत आहे, ही चांगली खूण. सांगितलं दहा आणि दिसला आठ, तर परत छर्र्यांच्या ताटलीकडे.

जॅकेटचंही बघा. कॅनव्हास आणि चामडं ओलीने मऊ पडतं, सकाळी कडक असलेलं जॅकेट घामाने दुपारपर्यंत वाकतं, मग कोपराचा आधार बदलतो आणि शॉट एका दिशेला सरकत जातात. आत सुती टी-शर्ट, मध्ये बटणं उघडून हवा, आणि घरी गेल्यावर पंख्याखाली हँगरला, बॅगेत नाही.

वहीत दर वेळी तारीख, पाऊस की उघडीप, छर्र्याचं माप आणि लॉट, गेजवरचा दाब, काय बदललं, आणि कार्ड चिकटवा. हे सगळं क्रमाने करूनही टेकूवरून ग्रुप फाटतच असेल तर रेग्युलेटर किंवा ट्रिगर स्वतः उघडू नका, रायफल दुरुस्तीला द्या आणि देताना "ग्रुप येत नाही" एवढंच सांगून सोडू नका. टेकूवरची तीन कार्डं, क्रोनोग्राफचे आकडे असतील तर तेही, आणि तुम्ही ज्या लॉटने मारलं त्यातले पन्नास छर्रे एका छोट्या डब्यात घालून सोबत द्या, म्हणजे दुरुस्ती करणारा तुमच्याच छर्र्यांनी मारून बघेल.